डालगं हलवताना

पुण्याला जायची घाई होती. माघातली थंडी, नीट उजाडलेलंही नव्हतं, आणि गवतावर इतकं दव की चपलेतून बोटं भिजत होती. रोजच्यासारखा कोंबड्यांच्या पिंजऱ्याचा दोर मनगटाला गुंडाळला आणि ओढला. पिंजरा हातभर सरकला आणि अडला. चौकट गवताच्या गाठीत अडकली असेल असं वाटून मी कंबर वाकवून आणखी जोर लावला. मागून बारीक आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. आणि त्यानंतर कवडीचा, माझ्या एका कोंबडीचा, आवाज. कोंबड्यांचे मला ओळखू येणारे आवाज पुष्कळ आहेत: अंडं घातल्यानंतरचा कलकलाट, घार दिसल्यावरची घशातली लांब घरघर, खुडूक बसलेलीचा रागीट गुरगुराट. हा त्यांतला नव्हता. मागच्या पाइपाखाली तिचा डावा पाय अडकला होता आणि ती पंख पसरून त्या पायाभोवती गोल फिरू पाहत होती. बाकीच्या पाच जणी पुढच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून गप्प उभ्या होत्या.

त्या दिवशी मी पुण्याला गेलेच नाही.

हा पिंजरा माझ्याकडे आला तो हुमणीमुळे. मुळशीतली ही जागा आम्ही घेतली तेव्हा घरापुढे आधीच्या मालकांनी लावलेलं लॉन होतं आणि मला ते फार आवडायचं, हे आधीच सांगते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला नुसतं बसायला, अनवाणी चालायला वाढवलेलं गवत म्हणजे चैन वाटते, आणि त्या चैनीचं मला अप्रूप होतं. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात त्यावर पिवळे डाग पडायला लागले. पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं. एका संध्याकाळी डागातलं गवत मुठीत धरून सहज ओढलं, तर सतरंजीचं टोक उचलावं तसा तुकडाच हातात आला. मुळंच नव्हती. खालच्या मातीत पांढऱ्या, जाड, तपकिरी डोक्याच्या अळ्या अर्धचंद्रासारख्या वळून पडलेल्या. उसाच्या पट्ट्यात हुमणीने रडवलेली माणसं मी पाहिली होती, पण ती आपल्या अंगणात असेल असं मनात आलं नव्हतं. वळवाचा पहिला पाऊस पडला की भुंगेरे जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, मादी पुन्हा मातीत शिरून अंडी घालते, आणि पुढचे कितीतरी महिने अळी अंधारात मुळं खात राहते. दुकानदाराने औषध काढून ठेवलं होतं. बाटलीवरचा लाल त्रिकोण पाहिला आणि ज्या गवतावर माझी नात रांगते तिथे ते ओतायला हात धजेना.

कोंबड्या आठवल्या त्या नांगरामागच्या. आमच्या गावी, संगमेश्वराच्या बाजूला, नांगर धरला की शेजारच्या घरातल्या कोंबड्या तासामागून चालत यायच्या, बगळ्यांच्या बरोबरीने. उलटलेल्या ढेकळातलं जे पांढरं दिसेल ते टिपायच्या. पण कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर लॉनबरोबर माझी मेथी, कोथिंबीर, नुकती लावलेली वांग्याची रोपं सगळंच उकरलं जाणार, आणि इथे मुंगूस दिवसाढवळ्या फिरतं. मग कळलं की जगात ठिकठिकाणी लोक यासाठी बिनतळाचा पिंजरा करतात, त्यात कोंबड्या ठेवतात आणि तो रोज पुढे सरकवतात. इंग्रजीत त्याला गमतीने चिकन ट्रॅक्टर म्हणतात. अमेरिकेत व्हर्जिनियातले शेतकरी जोएल सॅलटिन कुरणावर असे पिंजरे चालवतात: दहा फूट बाय बारा फूट, उंची जेमतेम दोन फूट, एकेकात पाऊणशे पक्षी, आणि दररोज एक हलवणं. माझा अगदी लहान. आठ फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट उंच. खाली चौकोनी पाइपची चौकट, वर अर्ध्या इंची वेल्ड जाळी, एका टोकाला पत्र्याचं छप्पर, त्याखाली बसायची दांडी आणि अंड्यांची पेटी. नेहमीची षटकोनी जाळी मुद्दाम टाळली, कारण तिच्या भोकांतून मुंगसाचा पंजा आत जातो. खालून उकरून येऊ नये म्हणून चारी बाजूंनी फूटभर जाळी जमिनीवर सपाट पसरलेली. आत सहा जणी, चार गावठी, दोन गिरिराज या सुधारित जातीच्या. गावातल्या मामी, ज्या मला बागेत मदत करतात, त्यांनी पिंजरा पाहून एवढंच विचारलं, ‘‘ताई, याला बूड कुठंय?’’

बूड नाही हेच त्याचं सगळं काम आहे. पिंजरा नव्या जागी सरकला की पहिली दहा मिनिटं मी शेजारी पायरीवर बसून राहते. आधी कोवळी पाती तोडल्याचा बारीक कट्कट् आवाज येतो, मग उकरणं सुरू होतं: उजवा पाय दोनदा, डावा एकदा, एक पाऊल मागे, मान तिरकी करून एका डोळ्याने पाहणं, टिपणं. पुन्हा उजवा. हुमणी सापडली तर ती चोचीत धरून जी पळत सुटते, तिच्यामागे बाकीच्या पाच आठ फुटांच्या जागेत शर्यत लावतात. पण सगळंच इतकं सुखाचं नाही. कोंबडीला हुमणी आणि गांडूळ यांत फरक वाटत नाही. एकदा तांबूने चिमुकला बेडूक पकडला आणि तो गिळला जाईपर्यंतचा वेळ मला फार लांबला. सापसुरळीची शेपटी एकीच्या चोचीत वळवळताना पाहिली आहे. औषधाची बाटली परत ठेवून आपण काहीतरी अहिंसक केलं, असं मला सुरुवातीला वाटलं होतं. ते तसं नव्हतं. मी फक्त मारण्याचं काम अशा कुणाकडे दिलं होतं, जिला ते करताना भूक लागलेली असते. त्यात फरक आहे असं मला अजून वाटतं, पण तो फरक दर वेळी तितकाच मोठा वाटत नाही.

आणि मग लॉन बोलायला लागलं. पिंजरा रोज एक लांबी पुढे जायचा, त्यामुळे मागे आयतांची रांग राहायची. कालचं आयत तुडवलेलं, मातकट, पिसं पडलेलं. चार दिवसांपूर्वीचं नुसतं विस्कटलेलं. आठवड्यापूर्वीचं उठून उभं राहिलेलं. आणि बारा-पंधरा दिवसांपूर्वीचं इतकं गर्द हिरवं की सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या दिसायच्या. भिंतीवरचं कालनिर्णय न पाहता मला सांगता यायचं की नळवाला आला तो दिवस हा, मुलगी आणि नात येऊन गेल्या ते दोन दिवस हे. एक कोंबडी दिवसाकाठी शंभर ग्रॅमहून जास्त शीट टाकते. सहा जणींची सहाशे ग्रॅम. ती रोज नव्या बत्तीस चौरस फुटांवर पसरली तर खत, एकाच जागी साचली तर जाळ. त्यातला नत्र कडक असतो, शेणासारखा मवाळ नाही. गवत आधी दोन-तीन इंचांवर कापून घ्यावं लागतं हेही अनुभवाने कळलं, उंच गवत चौकटीखाली आडवं पडतं आणि सडतं.

लहानपणी पाहिलेली मेंढरं तेव्हा आठवायला लागली. दिवाळीनंतर देशावरचे धनगर कळप घेऊन घाट उतरायचे आणि आजोबा त्यांची वाट पाहत असायचे. भात कापून झालेलं, शेत मोकळं. शेतात मेंढरं बसवायची म्हणजे एवढंच, की दोन-तीन रात्री कळप आपल्या शेतात मुक्कामाला ठेवायचा. जाळीची वाघर उभी करायची, आत मेंढरं, बाहेर कुत्री, शेकोटीशी माणसं. आजोबा त्याबद्दल भात मोजून द्यायचे. दुसऱ्या दिवशी वाघर शेजारच्या तुकड्यात. मी माजघरात गोधडीत पडल्या पडल्या त्या शेकडो जनावरांचा एकत्र श्वास ऐकायचे, मध्येच कोकराचं ओरडणं, आणि वाऱ्याबरोबर लोकरीचा उग्र, ओला वास. सकाळी शेत लेंड्यांनी काळं. आजोबा त्यातून अनवाणी फिरायचे आणि देवळातून आल्यासारखा त्यांचा चेहरा दिसायचा. चाळीस वर्षांनी मी एका परदेशी कल्पनेवर भाळून वेल्डरकडे गेले तेव्हा मला त्या वाघरीची आठवणही झाली नव्हती, याचं मला वाईट वाटतं.

भाजीच्या वाफ्यांवर पिंजऱ्याचा जम बसायला वेळ लागला. वाफे नव्याने आखून चार फुटी केले, म्हणजे चौकट बरोबर बसते. वाल निघाले, मुळा संपला की त्या वाफ्यावर चार-पाच दिवस कोंबड्या. उरलेली पानं, तणाचं बी, किड्यांचे कोष, सगळं वरच्या दोन-तीन इंचांत निपटलं जातं आणि माती चाळल्यासारखी भुसभुशीत होते. लव्हाळ्याला मात्र त्यांनी काही केलं नाही. वरची पाती खातात, खालची गाठ तशीच, आठ दिवसांत पुन्हा हिरवी सुई वर. ज्यांना वाटतं कोंबड्या तण संपवतील त्यांनी लव्हाळा असलेल्या जागेत ही आशा धरू नये. आणि त्या वाफ्यात लगेच कोथिंबीर लावायची नाही, ही शिस्त मी कडक पाळते. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात ताजं खत आणि मातीला टेकणाऱ्या पिकाची काढणी यांत 120 दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलंय, मातीला न टेकणाऱ्याला 90. म्हणून कोंबड्यांनंतर माझ्याकडे उशिरा हाती येणारा दुधी नाहीतर मांडवावरचा घेवडा लागतो. पावसाळ्यात तर सगळंच बंद. मुळशीचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. पिंजरा चिखलात रुततो आणि कोंबड्यांचे पाय सडतील अशी भीती. जून ते सप्टेंबर कोंबड्या घरामागच्या पक्क्या खुराड्यात, भाताच्या तुसाच्या जाड थरावर.

पिंजरा हा शब्द मला बोचतो. येणारे पाहुणे तो उच्चारतात तेव्हा जास्तच. अंड्यांच्या मोठ्या फार्मवर तारेच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला मिळणारी जागा ए-फोर कागदाहूनही कमी असते, आणि 2017 साली विधी आयोगाने आपल्या 269व्या अहवालात या पिंजऱ्यांविरुद्ध स्पष्ट लिहिलं, हे मला ठाऊक आहे. माझ्या कोंबड्यांना त्याच्या कितीतरी पट जागा आहे, पायाखाली माती आहे, धुळीत लोळता येतं, रोज नवं गवत आहे. तरीही संध्याकाळी दूर रानातून राखी रानकोंबड्याची तुटक, खरखरीत बांग येते तेव्हा आतल्या सहाही जणी एका क्षणी माना ताठ करतात. मी तेवढा वेळ त्यांच्याकडे पाहत नाही.

कवडीचा पाय मामींनी बांधला. बांबूच्या दोन बारीक कामट्या तासल्या, जुन्या सुती धोतराची पट्टी फाडली. ‘‘ताई, घट धरा पर दाबू नगा. पाखराचं हाड लवकर जुळतं.’’ मी तिला कुशीत धरून बसले होते. कोंबडीचं अंग किती गरम असतं हे आपण विसरतो. तिचं काळीज माझ्या तळव्यावर इतकं जलद आपटत होतं की वेगवेगळे ठोके मोजता येत नव्हते. डोळ्यावरचा पातळ पडदा यायचा आणि जायचा. नडगीवरचे खवले पिवळेधमक, मोडल्या जागी जांभळं. त्या पिवळ्या रंगाविषयी मी एकदा वाचलं होतं: आपल्या पाळीव कोंबड्या मुख्यतः लाल रानकोंबड्याच्या वंशातल्या, पण पायांच्या आणि कातडीच्या पिवळेपणाचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलंय, असं 2008 साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे मी ज्याच्यावर पाइप ओढला तो रंग याच सह्याद्रीसारख्या डोंगरांतला होता. दुपारी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बांधणी पाहिली, हीच राहू द्या म्हणाले, तीन आठवडे खोक्यात ठेवा.

आणि मी पिंजरा हलवणं थांबवलं.

ठरवून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोराला हात लावला आणि तो आवाज पुन्हा कानात वाजला. उद्या, म्हटलं. तिसऱ्या दिवशी दाणा जरा जास्त टाकला, पाणी बदललं, आणि घरात येऊन उगीच डबे पुसत बसले. निदान कुणाला इजा तर होत नाही, असं मनाशी म्हणत होते. चौथ्या दिवशी दार उघडल्यावर अमोनियाचा भपकारा आला, डोळ्यांत झोंबला. आत गवताची एक काडी उरली नव्हती. ओली, काळसर, घट्ट बसलेली माती, पाच कोंबड्यांची चार दिवसांची शीट, आणि तांबू एका पायावर उभी, दुसरा पाय पिसांत ओढून घेतलेला, कारण तो पाय टेकायला स्वच्छ जागा नव्हती. पेटीत एकही अंडं नव्हतं. मी त्यांना जपत होते, असं मला चार दिवस वाटलं होतं.

त्या दुपारी मी पायरीवर बसले आणि मला आजीचा हात दिसला. आमच्या खळ्यात पिल्लंवाली कोंबडी डालग्याखाली झाकलेली असायची. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण ऐकली की अजूनही माझ्या डोळ्यांपुढे तेच डालगं येतं, बांबूच्या पट्ट्यांचं, शेणाने सारवलेलं, वरच्या भोकावर दगड ठेवलेलं. ऊन सरकलं की आजी डालगं सावलीत सरकवायची, एका जागी दाणे-किडे संपले की दुसरीकडे, दिवसातून चार-पाच वेळा तरी. आणि सरकवायच्या आधी ती खाली बसायची, बोटांच्या पेरांनी डालग्यावर मागच्या बाजूला टकटक करायची. एकदा. थांबायची. पुन्हा टकटक. आतली कोंबडी क्लक क्लक करत पुढे सरायची, पिल्लं तिच्या पोटाखाली गोळा व्हायची, मग आजी डालगं बोटभर उचलून वीतभर सरकवायची. पुन्हा टकटक. त्या चार हातांच्या अंतराला तिला चुलीवरचं दूध उतू जाण्याइतका वेळ लागायचा आणि आई आतून हाका मारायची. मी शेजारी बसून हे शेकडो वेळा पाहिलंय. मला डालग्याचा आकार, त्याचा वास, वरचा दगड आठवत होता. टकटक आठवली नव्हती.

मामींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मंग? हाकारल्याबिगर कसं हलवाचं?’’ जणू दार वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात कसं शिरायचं, एवढी साधी गोष्ट.

पुण्याच्या घाईत मी तेव्हा उजाडायच्या आधी गेले होते, हेही नीट आठवत गेलं. कोंबडीला अंधुक उजेडात धड दिसत नाही. कवडी नुकती दांडीवरून उतरून मागच्या पत्र्याखाली चाचपडत होती, आणि अचानक तिच्या अंगावर भिंत चालून आली. आता ऊन पिंजऱ्यावर पडल्याशिवाय मी दोराला हात लावत नाही. मागच्या पाइपावर गोणपाटाच्या पट्ट्या लोंबत्या बांधल्यात, म्हणजे लोखंडाच्या आधी कापड लागतं. मागे दोन लहान चाकं बसवून घेतली, चौकट दोन बोटं उचलली जाते. पुढे मूठभर कणी टाकते, ती ती ती म्हणते. पूर्वी दोन मिनिटांत होणारं काम आता पंधरा मिनिटं घेतं, आणि त्या पंधरा मिनिटांत फोन घरात असतो.

चार दिवसांच्या जागेवर गवत मेलंच. सगळीकडे हिरवं आणि मध्ये आठ बाय चारचा पेंढ्याच्या रंगाचा तुकडा. लॉनवर बाकीचे दिवस येऊन मिटत होते, हा मिटत नव्हता. माळीदादा म्हणाले, नवं गवत आणून चिकटवू, दोन तासांचं काम. मी नको म्हटलं. खरवडून वरची शीट कंपोस्टमध्ये टाकली, भरपूर पाणी दिलं आणि तसंच ठेवलं. सहाव्या आठवड्यात कडांकडून हराळीचे धागे आत शिरायला लागले. मधला भाग अजून उघडा आहे.

कवडीची पट्टी महाशिवरात्रीच्या आसपास सोडली. हाड जुळलं, पण जरा तिरकं. ती पाय टेकते, उकरते सुद्धा, फक्त डाव्या पायाने एकच ओरखडा काढते आणि तोल सावरते. पहिल्यांदा पुन्हा पिंजऱ्यात ठेवली तेव्हा बाकीच्यांनी तिला टोचलं, दोन दिवस ती पत्र्याखालीच होती. आज सकाळी ऊन वर आल्यावर मी मागे जाऊन बसले. पाइपावर पेरांनी टकटक केली. पाच जणी कणीकडे पळाल्या. कवडी मागेच, लोंबत्या गोणपाटाला पाठ लावून, मान वळवून माझ्या हाताकडे एका डोळ्याने पाहत. मी पुन्हा टकटक केली आणि हात मांडीवर ठेवला. गवतावरचं दव निम्मं वाळलं होतं. मग तिने उजवा पाय पुढे टाकला, थांबली, डावा टाकला. मी दोर हातात घेतला.